ऊस डोक्यावर गेला की नोड गप्प का होतात?

प्रश्न थोडक्यात असा होता: सांगली जिल्ह्यातल्या एका उपसा सिंचन संस्थेच्या क्षेत्रात मार्चमध्ये जमिनीतला ओलावा मोजणारे ३५ नोड (सेन्सर आणि रेडिओ असलेल्या छोट्या पेट्या) बसवले. रेडिओ लोराचा (कमी विजेत छोटे निरोप लांबवर पाठवणारी पद्धत), ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला. सगळ्या नोडचं ऐकून सर्व्हरला पोहोचवणारा गेटवे संस्थेच्या पाण्याच्या टाकीवर, साधारण १५ मीटर उंचीवर. बसवताना अडीच किलोमीटरवरचा नोडही नीट बोलत होता. ऑगस्टपासून १४ नोड कधी येतात, कधी दोन-दोन दिवस येत नाहीत. विक्रेता म्हणतो, पावसामुळे होतंय, गेटवेला जास्त गेनची, म्हणजे शक्ती एकवटणारी, अँटेना लावा. शिवाय पुढच्या वर्षी रत्नागिरीकडच्या आंबा बागेत आणि माणदेशातल्या माळावर असंच जाळं टाकायचं आहे, तर ‘कुठे किती अंतर धरायचं’ याचा तक्ता मिळेल का?

तक्त्यापासूनच सुरुवात करतो, कारण खरी अडचण त्याच अपेक्षेत आहे. डेटाशीटवर ‘१० किलोमीटर’ लिहिलेलं असतं ते खोटं नसतं. एका डोंगरमाथ्यावरून समोरच्या डोंगरमाथ्यावर हाच रेडिओ त्याहून लांब पोहोचतो. पण त्या आकड्यात तुमचं शिवार नाही. किती लांब ऐकू जाईल हे रेडिओ, दोन्ही टोकांची उंची, मधे उभं असलेलं पीक आणि हंगाम मिळून ठरवतात. तुम्ही मार्चमध्ये मोजलंत तेव्हा तोड संपत आलेली, सुरू लावणीचा ऊस जेमतेम गुडघ्याला, खोडव्याला नुकते फुटवे. म्हणजे रेडिओच्या दृष्टीने शिवाराचं वर्षातलं सगळ्यात मोकळं रूप तुम्ही मोजलंत आणि त्यावर वर्षभराचं जाळं उभं केलंत. ऑगस्टमध्ये तोच ऊस डोक्याच्या वर गेला आणि तुमचे नोड त्याच्या आत राहिले.

मला हे शिकवलं ते एका शेतकऱ्याने. सुरुवातीच्या काळात २.४ गिगाहर्ट्झचे नोड घेऊन मी उसात काम करत होतो. दोनशे मीटरवरचे नोड एकेक करून बंद पडले, तेव्हा मी लॅपटॉप उघडून बांधावर बसलो होतो. शेताचे मालक, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, ऊस वाढला की आमचा मोबाइलबी आत लागत न्हाई. बांधावर आलं की लागतोय. तुमचं यंत्र काय येगळं हाय व्हय?” वेगळं नव्हतं. मी चार दिवस प्रोग्रॅममधली चूक शोधत होतो आणि उत्तर रोज शेतात जाणाऱ्या माणसाकडे होतं. तेव्हापासून नवीन गावात गेलो की पहिला प्रश्न हाच विचारतो: इथे मोबाइल कुठे लागत नाही आणि कोणत्या महिन्यात लागत नाही?

आता तुमचाच अडीच किलोमीटरवरचा नोड घेऊन हिशेब करू. डेसिबलची सवय नसेल तर एवढंच लक्षात ठेवा: १० डेसिबल गेले म्हणजे शक्तीचा दहावा हिस्सा उरला, २० गेले म्हणजे शंभरावा, ४० गेले म्हणजे दहा हजारावा.

नोड साधारण १४ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली शक्ती) शक्तीने बोलतो. दोन्हीकडच्या साध्या अँटेनांचे दोन-दोन डेसिबल धरले तर हातात १८. नोडची अँटेना जमिनीपासून १ मीटर, गेटवेची १५ मीटर, अंतर २५०० मीटर. मोकळ्या सपाट रानात, जमिनीवरून परावर्तित होणारी लाट हिशेबात घेतली तर वाटेत सुमारे ११२ डेसिबल जातात. म्हणजे गेटवेपाशी उणे ९४ डीबीएम पोहोचतात. स्प्रेडिंग फॅक्टर म्हणजे निरोप किती संथ पाठवायचा तो आकडा; मोठा फॅक्टर म्हणजे जास्त संथ, पण जास्त लांब. फॅक्टर १० वर गेटवे साधारण उणे १३२ पर्यंत ऐकतो. शिल्लक ३८ डेसिबल. मार्चमध्ये तुम्हाला सगळं उत्तम वाटलं, ते बरोबरच होतं.

आता साडेतीन मीटरचा ऊस उभा करा. लाट १५ मीटरवरून १ मीटरवर येते, पण अडीच किलोमीटरच्या अंतरात. म्हणजे ती जवळजवळ आडवीच येते. शेवटचे अडीच मीटर खाली उतरताना तिला उसातून किती लांब जावं लागतं? साध्या त्रैराशिकाने सुमारे साडेचारशे मीटर. हा आकडा मी पहिल्यांदा काढला तेव्हा दोनदा तपासला होता. आपल्याला वाटतं नोडच्या आजूबाजूचा चार-पाच सरींचा ऊस काय तो अडथळा. प्रत्यक्षात अर्ध्या किलोमीटरचं पीक मधे आहे.

झाडीतून जाताना किती शक्ती जाते यासाठी वाइसबर्गर यांचं एक जुनं सूत्र आहे. ते ४०० मीटरपर्यंतच्या झाडीसाठी आहे आणि आपल्या वारंवारतेला ४०० मीटरला सुमारे ४३ डेसिबल देतं. हे सूत्र दाट झाडांसाठी बनलेलं असल्यामुळे उसाला तंतोतंत लागू पडत नाही. काही लाट शेंड्यांवरून वळून येते, मधे रस्ता, ओढा, सोयाबीनचं रान असतं, त्यामुळे प्रत्यक्षात नुकसान कमीही निघतं. पण अंदाज कुठल्या पट्टीतला आहे ते बघा. तुमची ३८ ची शिल्लक होती आणि खर्च ४३ निघाला. फॅक्टर १२ वर गेलात तर गेटवे उणे १३७ पर्यंत ऐकतो, म्हणजे नोड अगदी उंबरठ्यावर. वारा आला, पानं ओली झाली, की बंद. वारा पडला की पुन्हा चालू. तुम्ही वर्णन केलेलं ‘कधी येतात, कधी नाही’ हे नेमकं असंच दिसतं.

हाच हिशेब ५०० मीटरवरच्या नोडचा केला तर उसातली वाट ९० मीटरच्या आसपास येते, नुकसान १८ डेसिबल, आणि तरीही भरपूर शिल्लक उरते. म्हणून तुमचे १४ नोड नकाशावर मांडा. ते बहुतेक लांबचे, आणि त्यातही उसाच्या मधोमध असलेले निघाले तर माझं निदान बरोबर. जवळचे आणि लांबचे सारखेच बंद पडत असतील तर मी चुकतोय आणि कारण दुसरीकडे शोधायला हवं. त्याबद्दल पुढे सांगतो.

आता विक्रेत्याने सुचवलेली अँटेना. दोनच्या जागी आठ डेसिबलची लावली तर मिळतात ६ डेसिबल. गेटवे १५ ऐवजी २५ मीटरवर नेला तर उंचीमुळे साडेचार डेसिबल सुधारतात, शिवाय लाट थोडी वरून येते म्हणून उसातली वाट साडेचारशेवरून २६० मीटरवर येते. एकूण १४ डेसिबलच्या आसपास फायदा. आणि नोडची अँटेना उसाच्या शेंड्याच्या वर, जमिनीपासून साडेचार-पाच मीटरवर नेली तर उसातलं नुकसान जवळजवळ संपतं, म्हणजे चाळीसच्या घरातला फायदा. ६, १४ आणि ४०. पैसे कुठे घालायचे ते हे तीन आकडे सांगतात.

जास्त गेनच्या अँटेनेत आणखी एक धोका आहे. ती शक्ती नव्याने बनवत नाही. वर-खाली पसरणारी शक्ती दाबून आडवी करते. गेटवे उंच टाकीवर किंवा टेकडीवर असेल तर पायथ्याजवळचे नोड तिच्या झोताखाली राहतात. लांबचे दोन मिळवायला जाऊन जवळचे तीन गमावलेले मी पाहिले आहेत. टाकीचा विषय निघालाच आहे तर अँटेना टाकीच्या भिंतीला चिकटवलेली नाही ना, हे आधी बघा. काँक्रीट, त्यातल्या सळ्या आणि आतलं पाणी मिळून एक बाजू पूर्ण झाकली जाते. अँटेना टाकीच्या माथ्याच्या वर, मोकळी हवी.

नोड उंच करायचा म्हणजे शेताच्या मधे पाच मीटरचा खांब, आणि तो कोणताही शेतकरी उभा करू देणार नाही. बरोबरच आहे. भरणीला पॉवर टिलर फिरतो, तोडीला टोळी येते, ट्रॉली आत येते. म्हणून मी नोड आणि सेन्सर वेगळे करतो. सेन्सर मुळाशी, नोड बांधावर एक इंची जीआय पाइपवर, आणि मधे केबल. सेन्सर एसडीआय-१२ पद्धतीचा (वाचन आकड्यांच्या रूपात पाठवणारा) असेल तर ६० मीटरपर्यंत केबल चालते. आरएस-४८५ ही तशीच दुसरी पद्धत असेल तर त्याहून कितीतरी लांब. पण साधा व्होल्टेज देणारा सेन्सर असेल तर लांब केबलने वाचन बिघडतं, तिथे ही युक्ती करू नका. केबल उघडी टाकली तर उंदीर एका हंगामात संपवतात, आणि तोडीनंतर पाचट पेटवलं गेलं तर उरलेलं जळतं. फूटभर खोल, जाड एचडीपीई नळीतून न्या आणि बांधावर खूण करून ठेवा.

आता ‘मी चुकतोय का’ हे कसं तपासायचं. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथे, कारण नोड दिसेनासा झाला की सगळे सरसकट ‘रेंज गेली’ म्हणतात. दिसेनासं होण्याची तीन-चार वेगळी कारणं असतात आणि प्रत्येकाची खूण तुमच्या सर्व्हरवरच्या नोंदींत आधीच पडलेली असते. प्रत्येक पॅकेटवर एक फ्रेम काउंटर, म्हणजे पॅकेटचा अनुक्रमांक, असतो. नोड दोन दिवसांनी परत आला तेव्हा काउंटर पुढे सरकलेला असेल, समजा ४१० नंतर थेट ६००, तर नोड सगळा वेळ बोलत होता, आपल्याला ऐकू येत नव्हतं. ही रेडिओची अडचण. काउंटर पुन्हा शून्यापासून सुरू झाला असेल तर नोड मधे बंद पडून नव्याने उठला आहे. ती विजेची अडचण, मग अँटेना कितीही बदला. सगळे नोड एकाच वेळी गायब होऊन एकाच वेळी परत आले तर दोष गेटवेचा, त्याच्या सिमचा किंवा टाकीवरच्या वीजपुरवठ्याचा. भारनियमनाच्या वेळापत्रकाशी त्या वेळा जुळवून पाहा.

सिग्नलची ताकद बघताना बहुतेक जण फक्त आरएसएसआय, म्हणजे पोहोचलेली एकूण शक्ती, बघतात. लोरामध्ये दुबळ्या नोडसाठी एसएनआर, म्हणजे सिग्नल गोंगाटाच्या किती वर किंवा खाली आहे तो आकडा, जास्त खरं सांगतो. लोरा गोंगाटाच्या पातळीखालचाही आवाज ऐकू शकतो. फॅक्टर ७ ला साधारण उणे साडेसात डेसिबलपर्यंत, फॅक्टर १२ ला उणे २० पर्यंत. तुमच्या नोडचा एसएनआर उणे १७-१८ असेल तर तो आज येत असला तरी उद्या जाणार आहे. आरएसएसआय चांगला, म्हणजे उणे ९०-९५, आणि तरीही एसएनआर खराब असेल तर आसपास कोणीतरी गोंगाट करतंय. पंपाचा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) आणि स्वस्त एलईडी दिव्यांचे चोक हे माझ्या यादीत वर असतात. टाकीजवळ पंपगृह असेल तर पंप चालू असताना आणि बंद असतानाचा एसएनआर वेगवेगळा काढा.

पाऊस हे कारण विक्रेत्याला सुचलं, कारण पाऊस आणि अडचण एकाच महिन्यात आले. पण ८६५ मेगाहर्ट्झची लाट सुमारे ३५ सेंटिमीटर लांबीची असते. काही मिलिमीटरचे थेंब तिला जवळजवळ दिसतच नाहीत. पावसाने सिग्नल खाणं ही गोष्ट साधारण १० गिगाहर्ट्झच्या वर जाणवायला लागते, म्हणून डीटीएचची छत्री मुसळधार पावसात अडते आणि तुमचा नोड अडू नये. नेदरलँड्समध्ये २००५ च्या सुमारास बटाट्याच्या शेतात करप्याच्या अंदाजासाठी शंभरच्या आसपास नोडचं जाळं टाकलं होतं. तिथे मोजताना उलट असं दिसलं की हवा दमट असताना आणि पावसात सिग्नल सुधारतो, आणि पीक भरात आलं की घटतो. त्या प्रयोगाचं मला आणखी एक महत्त्व वाटतं. पहिल्या हंगामात त्यांच्या हाती अपेक्षित नोंदींपैकी जेमतेम २ टक्के लागल्या, आणि त्यांनी ते लपवलं नाही; कुठे काय चुकलं ते सविस्तर मांडलं. प्रोग्रॅममधले दोष, घाईची बसवणी, आपसातला समन्वय, सगळं. मैदानात काम करणाऱ्या प्रत्येकाने असं लिहायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण यशोगाथांमधून अंतराचे तक्ते तयार होतात आणि ते तुमच्यासारख्यांना महागात पडतात.

पाऊस निर्दोष आहे असं मात्र म्हणत नाही. तो आडवाटेने येतो. ओल्या पानांमुळे काही डेसिबल जातात, आणि उंबरठ्यावरच्या नोडला तेवढे पुरतात. अँटेनेच्या जोडात पाणी शिरलं तर दहा-वीस डेसिबल सहज जातात, आणि ही अडचण पाऊस थांबल्यावरही आठवडाभर राहते. जोड नेहमी पेटीच्या खालच्या बाजूला ठेवा, त्यावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, केबलला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल. पूर्ण बंद पेटी दिवसा तापते आणि रात्री गार होताना आत हवा ओढते, त्या हवेबरोबर ओल येते. म्हणून हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा व्हेंट प्लग बसवा. उघडल्यावर आत मुंग्यांचं वारूळ सापडणं हीसुद्धा नेहमीची गोष्ट आहे. केबलचं प्रत्येक भोक केबल ग्लँडने (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचाने) बंद करा.

आणि पावसाचा सगळ्यात मोठा आडमार्ग म्हणजे सौर पॅनेल. जुलै-ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवस सूर्य दिसत नाही, त्यात पॅनेल उसाच्या सावलीत. इथे रेडिओ आणि वीज एकमेकांत अडकतात, ते नीट समजून घ्या. लिंक दुबळी झाली की एडीआर (फॅक्टर आपोआप ठरवणारी सोय) नोडला मोठ्या फॅक्टरवर ढकलतो. वीसेक बाइटचं पॅकेट फॅक्टर ७ वर सुमारे ६० मिलिसेकंदांत जातं, फॅक्टर १२ वर त्याला दीड सेकंद लागतो, म्हणजे पाठवण्यासाठी पंचवीसपट वीज. त्यात तुम्ही प्रत्येक पॅकेटला पोच मागत असाल तर पोच न मिळाल्यावर नोड तेच पुन्हा पाठवतो, आणि गेटवे पोच पाठवत असताना बहुधा बहिरा असतो, त्यामुळे बाकीच्यांची पॅकेटही हुकतात. अशा रीतीने उसाने सुरू केलेली अडचण बॅटरीपर्यंत पोहोचते आणि शेवटी बॅटरीच दोषी ठरते. माझा सल्ला: पोच मागणं बंद करा. दर १५ मिनिटांऐवजी तासाला एकदा पाठवा, मातीतला ओलावा तासात असा काही पळून जात नाही. प्रत्येक पॅकेटमध्ये मागच्या दोन नोंदी पुन्हा जोडा, म्हणजे मधलं एखादं पॅकेट हुकलं तरी नोंद हरवत नाही. एवढ्यानेसुद्धा तुमच्या १४ पैकी काही नोड सुधारतील, एक रुपयाही खर्च न करता.

बॅटरीचा व्होल्टेज पॅकेटमध्ये पाठवताय का? नसाल तर पाठवा, आणि त्याच्याशी ओलाव्याचे आकडे ताडून बघा. बॅटरी उतरत आली की काही सेन्सर बंद पडण्याआधी चुकीचे आकडे देतात. गप्प बसलेल्या नोडपेक्षा खोटं बोलणारा नोड जास्त घातक, कारण त्याच्या भरवशावर कोणीतरी पाण्याची पाळी ठरवतं.

रत्नागिरीच्या बागेचं गणित वेगळं आहे. हापूसची झाडं सदाहरित, त्यामुळे मार्च-ऑगस्ट असा फरक पडत नाही. एकदा नीट मोजलं की वर्षभर साधारण तसंच राहतं. जुन्या बागांत झाडं दहा-दहा मीटरवर असतात आणि पानांचा घेर वर असतो. इथे अँटेना अर्धवट उंच केली तर ती नेमकी पानांत जाते आणि नुकसान होतं. खाली, खोडांच्या उंचीवर, दीड-दोन मीटरवर लाटेला जास्त मोकळी वाट मिळते. म्हणून बागेत एकतर पूर्ण माथ्याच्या वर, नाहीतर पानांच्या खाली. उसात जे सांगितलं ते इथे तसंच उचलू नका. सूत्राने १०० मीटर झाडीला १९ डेसिबलच्या आसपास जातात, २.४ गिगाहर्ट्झचे नोड कोणी स्वस्तात देत असेल तर तिथे हाच आकडा २५-२६ होतो, आणि मोकळ्या हवेतलं नुकसान ९ डेसिबलने वाढतं ते वेगळंच.

कोकणात झाडांपेक्षा जमीन जास्त त्रास देते. जांभ्याचा सडा, मग उतार, मग पऱ्हा (ओढा), मग पुन्हा चढ. डोंगराची कड लाटेच्या रेषेला नुसती टेकली तरी ६ डेसिबल जातात आणि नोड कडेच्या बराच खाली असेल तर २० किंवा जास्त. तिथे शक्ती वाढवून उपयोग होत नाही. एका मोठ्या गेटवेऐवजी दोन छोटे, एक सड्यावर आणि एक समोरच्या उतारावर, हा मार्ग मला नेहमी स्वस्त पडला आहे. खारी हवा जोडांना खाते. समुद्राजवळ ३१६ जातीचं स्टेनलेस स्टील वापरा आणि सर्किटवर संरक्षक लेप द्या. पितळेच्या स्वस्त जोडांवर दुसऱ्या पावसाळ्यात हिरवा थर येतो.

माणदेशातला माळ रेडिओला सगळ्यात दयाळू. ज्वारी-बाजरीचं पीक, कमी झाडं, समोर दिसेल तिथपर्यंत ऐकू येतं. तिथे शत्रू म्हणजे ऊन. एप्रिलमध्ये उन्हातल्या काळ्या पेटीचं आतलं तापमान साठीच्या पुढे जातं. ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या कामात २.४ गिगाहर्ट्झच्या एका प्रचलित रेडिओ चिपवर २५ वरून ६५ अंशांवर जाताना पाठवणं आणि ऐकणं मिळून ८ डेसिबलपर्यंत घट मोजली गेली. तुमची चिप वेगळी आहे, आकडा वेगळा असेल, पण पेटी पांढरी घ्या, पॅनेलच्या सावलीत ठेवा, आणि लिथियम बॅटरी त्या उन्हात लवकर म्हातारी होते हे खर्चात धरा. उघड्या माळावर वळवाच्या विजांसाठी गेटवेला चांगलं अर्थिंग आणि सर्ज अरेस्टर हवाच.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, आकडा तरी सांगा. माझ्या कामात सुरुवातीचा अंदाज म्हणून मी एवढं धरतो: गेटवे १२ ते १५ मीटरवर, नोड पूर्ण वाढलेल्या उसात खाली, तर ५०० ते ७०० मीटर. त्याच उसात अँटेना शेंड्याच्या वर, तर दोन ते तीन किलोमीटर. आंबा बागेत पानांखाली, सपाटी असेल तर ३०० ते ५०० मीटर. माळावर, समोर दिसत असेल तर पाच किलोमीटर. हे आकडे पहिल्या खरेदीचा अंदाज बांधायला आहेत. नोड कुठे ठोकायचा ते यावरून ठरवू नका.

ते ठरवायला एक दिवस चालावं लागतं. एक नोड, खऱ्या उंचीच्या काठीवर, हातात धरून नाही, कारण माणसाचं शरीरसुद्धा लाट खातं. प्रत्येक ठिकाणी ठरावीक फॅक्टर ठेवून, एडीआर बंद करून, १०० पॅकेट पाठवायची. किती पोहोचली आणि एसएनआर किती, एवढं लिहायचं. मग काठी अर्धा मीटर इकडे-तिकडे सरकवून पुन्हा, कारण परावर्तनामुळे पंधरा-वीस सेंटिमीटरच्या फरकाने दहा डेसिबल बदललेले मी पाहिले आहेत. एका जागचं एक वाचन म्हणजे काहीच नाही. हे चालणं पीक सगळ्यात उंच असताना करा. तुमच्याकडे आडसाली ऊस असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. मोकळ्या रानात मोजावं लागलं तर १५ डेसिबलची नेहमीची शिल्लक सोडून उसासाठी आणखी ३० बाजूला ठेवा. एवढी शिल्लक निघत नसेल तर तिथे उंच पाइप लागणार हे आजच धरून चाला.

तुम्ही आत्ता ऐन मोसमात आहात, म्हणजे मोजायला यापेक्षा चांगली वेळ नाही. आधी पोच बंद करून वेळ तासाची करा आणि चार दिवस थांबा. तरीही गप्प राहणाऱ्यांपैकी सगळ्यात लांबचा एक नोड बांधावर आणून पाच मीटरच्या पाइपवर चढवा, बाकी काहीही बदलू नका. त्याचा आधीचा आणि नंतरचा एसएनआर, १४ही नोडचे फ्रेम काउंटर आणि गेटवेपासूनची अंतरं इथे टाका. तोवर अँटेनेची ऑर्डर थांबवून ठेवा.